ज्याची पाळी त्याची पाठ

तलाठ्याने दिलेल्या कागदावर ‘जलसिंचनाचे साधन’ असा एक रकाना होता, आणि तिथे येऊन सफियाचं पेन अडलं होतं.

सफिया शाळेत सातवीपर्यंतच गेली. पुढचं शिक्षण तिने वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि नवऱ्याने फूटपाथवरून आणलेली पुस्तकं चाळून घेतलं. नवरा बंदरात कारकून होता. तो गेला, पुस्तकं राहिली. आता उरणच्या अलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात कुणालाही सरकारी कागद आला की तो आधी सफियाच्या ओटीवर येई आणि मग ज्याच्या त्याच्या घरी जाई. कागद आगऱ्यांचा असो की मुसलमानांचा, भीती सगळ्यांना सारखीच वाटायची.

तिने बिनपुठ्ठ्याचा जाडजूड कोश मांडीवर घेतला. समोर राजाबाई बसली होती. बांधापलीकडच्या हिरामणची म्हातारी आई. तिच्या घरचं आणि सफियाच्या घरचं बोलणं शिमग्यापासून बंद होतं, पण राजाबाई रोज येत होती. विचारलं तर म्हणायची, मी बोलाया नाय येत, बसाया येतंय.

“काय बोलतंय बुक?” राजाबाईने विचारलं.

“सिंचन म्हणजे शिंपणं, ओतणं. संस्कृतातला शब्द आहे.”

“शिंपाया ते काय आंगन हाय?”

“इंग्रजीत इरिगेशन म्हणतात. तो त्याहून जुन्या भाषेतून आलाय. त्याचा मूळ अर्थ दिलाय, पाणी आत नेणं.”

राजाबाई दात नसलेल्या तोंडाने हसली. “ज्यानी शब्द केला त्याला हितं आन गो. आमी आख्खा जलम पानी भायेर ठेवन्यात घालवला. आत न्याचं म्हनं.”

सफियालाही हसू आलं, पण रकाना रिकामाच राहिला. खारीच्या शेतीची हीच गंमत होती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, मध्ये मातीचा बांध. पावसाचं गोडं पाणी आत कोंडायचं आणि समुद्राचं खारं पाणी बाहेर अडवायचं. बांधात एक दार असे, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला फळ्या उचलून जादा पाणी सोडायचं, भरतीआधी फळ्या टाकायच्या. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं, ते कोशात नव्हतं.

आणि लिहायला तर हवं होतं. सोमवारी तलाठी पाहणीला येणार होता. खाडीकाठच्या ज्या जमिनी पडीक दिसतील त्यांची यादी निघणार होती. यादीत गेलेल्या जमिनीचं पुढे काय होतं ते सांगायला तलाठी लागत नव्हता. शेजारच्या गावात डोंगर फोडून आणलेली लाल माती पडली होती आणि तिच्यावर गोदामं उभी होती. सफियाच्या घरची आणि हिरामणची जमीन एकाच गटात येत होती. गट वाचवायचा तर शेतात भात उभं दिसायला हवं होतं आणि ‘मशागत चालू आहे’ या जबाबावर दोन्ही घरांच्या सह्या हव्या होत्या. एक सही नसली तर दुसरी नुसती शाई. सफियाच्या घरची जमीन तिच्या धाकट्या भावाच्या, मकबूलच्या नावावर होती. नाव त्याचं, पण लावणी तिची, कापणी तिची, आणि कणगीत पडलेल्या भातावर वर्षभर घर चालवणंही तिचंच. ती जमीन गेली तर सफियाकडे कोश तेवढा उरला असता.

म्हणजे सह्या मकबूल आणि हिरामणने करायच्या होत्या. आणि मकबूल-हिरामण एकमेकांच्या सावलीवर थुंकत होते.

झालं होतं असं. शिमग्याच्या सुमारास एक गोदामवाला ठेकेदार बांधावर मोजणीची टेप घेऊन फिरला, आणि त्याच्याबरोबर मकबूल फिरला. मकबूलला चिखलाचा कंटाळा आला होता हे खरं. वाशीच्या मार्केटात एखादा गाळा घ्यावा, पांढरा शर्ट घालून बसावं, असं त्याला वाटायचं. पण त्याने जमीन विकली नव्हती. हिरामणने मात्र टेप पाहिली आणि त्याच्या मनात सौदा पुरा झाला. तेव्हापासून बोलणं बंद.

बोलणं बंद झालं त्याने फार बिघडत नाही, असं पुरुषांना वाटतं. इथे बिघडलं ते असं.

अवस-पुनवेला खाडीला उधाण यायचं. ते पाच-सहा दिवस उघाडीवर माणूस लागे. आज्यापणज्यांनी ठरवून दिलं होतं, पुनवेपर्यंत हिरामणच्या घरची पाळी, पुनवेनंतर सफियाच्या घरची. हिरामणचं घर तिथी मोजायचं आणि सफियाचं घर चाँद. सफियाचा बाप म्हणायचा, चौदावा चाँद होईस्तो त्यांचं, मग आपलं. दोन्ही हिशेब कधी जुळायचे, कधी दिवसाने चुकायचे. पण चुकलं तरी चालायचं, कारण फळ्या उचलायचा लोखंडी आकडा हातोहात द्यायचा रिवाज होता. हिरामणचा बाप आकडा घेऊन ओटीवर यायचा, “उद्या तुमचं हां,” म्हणायचा, चहा प्यायचा आणि जायचा. ज्याच्या घरात आकडा, त्याची पाळी. मग आकाशातला चंद्र काही का म्हणेना.

आता आकडा कोण कुणाच्या घरी नेणार? हिरामणने तो उघाडीच्या खांबाला टांगला आणि निघून गेला.

शुक्रवारी गुरुपौर्णिमा झाली. हिरामणच्या हिशेबाने शनिवारपासून पाळी मकबूलची. मकबूलने मात्र बोटांवर मोजलं. या महिन्यात ढगांमुळे चंद्र दिसलाच नव्हता, मशिदीत आधीच्या महिन्याचे तीस दिवस पुरे केले होते. त्याचा शनिवारचा चाँद निघाला तेरावा. म्हणजे पाळी अजून हिरामणचीच. तो घरी पंखा लावून झोपला.

शनिवारी सकाळी सफिया उरणच्या बाजारात गेली होती. परत येताना साडेअकराला तिला रस्त्यावरूनच आवाज आला. पाणी शिरतानाचा आवाज वेगळा असतो, भांड्यातून कुणीतरी अधाशासारखं पितंय असा. तिने पिशवी तिथेच टाकली.

उघाडीच्या फळ्या वरच होत्या. खाडी दारातून आत येत होती आणि येताना दाराच्या बाजूची माती खरवडून नेत होती. बघता बघता दोन हात रुंद खांड पडली. लावणीला पंधरा दिवस झालेलं भात तांबूस पाण्याखाली वाकत होतं. भरती एकला पुरी होणार होती. खांड तोवर बुजली नाही तर बांध जाणार, आणि बांध गेला की सोमवारी तलाठ्याला शेताच्या जागी खाडी दिसणार.

हिरामण पलीकडून धावत आला. हातात फावडं. मागे त्याचे दोन पुतणे. मकबूल घरातून लुंगी सावरत आला. गावातली आणखी दहा-बारा माणसं घमेली घेऊन आली. कुणीतरी आकडा घेऊन फळ्या खाली टाकल्या, पण पाणी आता खांडीतून येत होतं. दोघांनी त्याच वेळी फावडी चिखलात घातली असती तर ही गोष्ट इथे संपली असती.

“झोपला व्हतास का टेपवाल्याबरबर?” हिरामण म्हणाला.

“पाळी तुझी होती.”

“पुनव काल झायली.”

“चौदावा उद्या आहे. शिकव जाऊन तुझ्या पोरांना.”

“तुना मुद्दाम सोरलं पानी. पडीक करून विकाया.”

“तुझी आई रोज आमच्या घरी येऊन...”

मकबूलला पुढे काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळलं नाही. बहुधा ‘जेवते’ म्हणायचं असेल. हिरामणने फावड्याचा दांडा फिरवला. मकबूलने उजवा हात आडवा केला आणि कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज झाला. ओली काटकी मोडल्यावर होतो तसा, फार मोठा नाही. मकबूल ओरडला नाही. तो मोडका हात लोंबकळत ठेवून हिरामणच्या अंगावर गेला, त्याच्या मानेत डोकं घातलं आणि त्याचा डावा कान दातात धरला.

दोघे बांधावरून शेतात कोसळले. हिरामण बैलासारखा ओरडत होता. मकबूलने मान झटकली आणि कानाची पाळी तोंडात घेऊनच वर आला. ती त्याने थुंकली. मग पुतणे उतरले. एकाने त्याच्या बरगडीत लाथ घातली, दुसऱ्याने केस धरले, आणि हिरामणने रक्ताने भरलेला हात मकबूलच्या मानेवर ठेवून त्याचं तोंड पाण्यात दाबलं. आजूबाजूचं पाणी आधीच तांबूस होतं, आता ते कुणाच्या रक्ताने तांबडं होतंय ते कळेना. भाताची रोपं त्यांच्या गुडघ्यांखाली उपटून वर तरंगत होती. ती सफियाने एकेक करून लावली होती.

बांधावरची माणसं दोन भागांत उभी राहिली. एकाने कोयता काढला, म्हणून दुसऱ्याने काढला. सफियाला ती माणसं लहानपणापासून ठाऊक होती. त्यांतल्या तिघांची लग्नाची पत्रं तिने वाचली होती. आणि तिला स्वच्छ दिसलं, की ही आता बांधासाठी भांडत नव्हती. डोंगरीत, भायखळ्यात दीड वर्षापूर्वी दंगलीत जे झालं त्याच्या गोष्टी ऐकून ती घरी गेली होती, आणि आज कुणीतरी त्यांना तशाच गोष्टीत जागा दिली होती.

मकबूलचे पाय पाण्यावर आपटायचे थांबले.

सफिया आयुष्यभर मुंगीसुद्धा चिरडू नये म्हणून बघून पाय ठेवत आली होती. तिने पायाशी पडलेलं लोखंडी घमेलं दोन्ही हातांनी उचललं, शेतात उतरली आणि कडेने हिरामणच्या डोक्यात घातलं. एकदा. तो वळला नाही, म्हणून पुन्हा. दुसऱ्या वेळी त्याची टाळू फुटली आणि तो बाजूला बसला, जेवण झाल्यावर माणूस बसतो तसा. पुतण्याने तिचा दंड धरला. तिने घमेलं त्याच्या नाकापाशी नेलं आणि म्हणाली, “तुझ्या मुंजीचं पत्र मीच लिहिलंय. सोड.” आगऱ्यांत मुंज नसते, पण पोराने सोडलं.

तिने मकबूलला उताणा केला. त्याच्या तोंडातून चिखल आला, मग पाणी, मग श्वास. तो खोकत राहिला, आणि त्या खोकल्याइतका सुंदर आवाज तिने पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

“सफियाबाय,” हिरामण बसल्या जागेवरून म्हणाला. डोक्यातून आणि कानातून वाहणारं रक्त हनुवटीपाशी एकत्र येत होतं. “तू वाचनारी हायस. तूच सांग. पाळी कोनाची?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. प्रश्न साधा नव्हता. बांध फुटला तर पाळीवाल्याने खांडीत पाठ द्यायची, असा रिवाज होता. पाण्याकडे पाठ करून, उघाडीशेजारी कायमच्या ठोकलेल्या दोन खुंट्यांना पाय लावून बसायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्या पुढ्यात चिखलाचे गोळे रचत न्यायचे. माणूस नसला की गोळा पडल्या पडल्या वाहून जातो. माणूस असला की ठरतो. ज्याची पाळी त्याची पाठ. सफियाच्या बापाच्या पाठीवर त्याचे पांढरे वण होते, आणि तो उघडा बसला की ती लहानपणी ते मोजायची.

मकबूलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे म्हणत होते, आपा, त्यांची म्हण.

तिने बोटांवर मोजलं. खरं तर मोजायला लागत नव्हतं. चाँद ढगामागे राहिला होता, उधाण राहिलं नव्हतं. बाप चौदावा चाँद म्हणायचा ते सोयीसाठी. खाडीला मशिदीतलं कॅलेंडर माहीत नव्हतं आणि पंचांगही. पण रिवाज पुनवेचा होता, आणि पुनव काल झाली होती. ‘त्यांची’ म्हटलं तर कोयते पुन्हा वर होणार होते आणि खांड आणखी एक हात रुंदावणार होती. ‘आमची’ म्हटलं तर हातमोडक्या भावाला हे लोक उचलून त्या धारेत बसवणार होते, आणि तो पाच मिनिटं टिकला नसता.

“आमची,” सफिया म्हणाली.

मकबूलने डोळे मिटले.

“मंग बसव त्याला,” पुतण्या म्हणाला.

“त्याची पाठ आणि माझी पाठ एकाच बापाची आहे,” सफिया म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला आणि खांडीत उतरली.

पाण्याने तिला पहिल्याच धक्क्याला आडवं केलं. दोन हातांनी खुंट्या धरून ती उठली, वळली, बसली. पाय रुतवले. पाणी खांद्याशी आलं आणि पाठीवर आदळायला लागलं. ते नुसतं पाणी असतं तर ठीक होतं. खाडी येताना सगळं घेऊन येते, तिवराच्या काटक्या, बाटल्यांच्या काचा, कालवांच्या धारदार शिंपा. पहिली शिंप तिच्या पाठीत घुसली तेव्हा ती दचकली. दहाव्या शिंपेनंतर तिने मोजणं सोडलं. कोशवाल्याला पाणी आत नेणं म्हणजे काय ते इथे बसून कळलं असतं, एवढं तिच्या मनात येऊन गेलं, आणि मग बराच वेळ मनात काहीच आलं नाही.

बांधावर कुणी हलत नव्हतं. बाई खांडीत बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

“बगता काय?” राजाबाईचा आवाज आला. ती कधी आली होती कुणास ठाऊक. “तिची पाठ काय तुमच्या बापानं आनून ठेवली हाय? चिखल घाला.”

आणि ती सत्तरीची म्हातारी नऊवारीचा काष्टा आवळून सफियाच्या शेजारी येऊन बसली. “सरक गो,” म्हणाली, “खांड दोन बायांची हाय.”

पहिला गोळा कुणी टाकला ते सफियाला दिसलं नाही. मग ते पडतच गेले. हिरामण उठला. डोक्याला फडकं बांधून तो तिच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला आणि गोळे तिच्या पोटाशी, मांड्यांशी, म्हातारीच्या आणि तिच्या मधल्या फटीत दाबत राहिला. त्याच्या कानातलं रक्त तिच्या हातांवर गळत होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. ती त्याच्या टाळूवरच्या, आपणच केलेल्या जखमेकडे बघत होती. आईला तो एकदा म्हणाला, “मरशील.” राजाबाई म्हणाली, “तू गप दाब.”

एक वाजून गेल्यावर पाणी चढायचं थांबलं, टेकलं. पाऊण तासाने ओसरायला लागलं तेव्हा त्या दोघींना चिखलातून ओढून काढावं लागलं. ओहोटीत गावाने खांड दगडमातीने बुजवली, उघाडी उघडून खारं पाणी सोडलं. रविवारी दिवसभर पाऊस पडला. पावसाने शेत धुऊन काढलं. हे कुणी सिंचनात धरतं का, ते सफियाने कोशात बघितलं नाही. ती पालथी झोपली होती आणि राजाबाई तिच्या पाठीतून चिमट्याने शिंपांचे तुकडे काढत होती. तेवीस निघाले. दोन राहिले.

सोमवारी तलाठी आला. भाताचे शेंडे करपले होते, एका कोपऱ्यात रोपंच नव्हती, पण बाकी सगळं उभं होतं. तलाठ्याने बांधावरून पाहिलं आणि ओटीवर येऊन कागद मागितला.

“साधनाचा रकाना रिकामा ठेवलात बाई.”

“काय लिहावं कळेना.”

“पाऊस लिहितो,” तो म्हणाला आणि लिहिलं. “आता सह्या.”

मकबूल खाटेवर बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, चेहरा सुजलेला. ओटीच्या दुसऱ्या टोकाला हिरामण, डोक्याला आणि कानाला पट्टी. मध्ये राजाबाई, कुणाचीच नसल्यासारखी.

“आपा, मी अंगठा देणार नाही,” मकबूल म्हणाला. “या माणसाच्या नावाशेजारी माझं नाव नको. जाऊ दे पडीक. घालू दे भराव.”

“मना पन नको,” हिरामण म्हणाला. “याच्या बांधाला मी हात लावनार नाय परत.”

तलाठ्याने घड्याळ पाहिलं. त्याला अजून तीन गावं करायची होती.

सफिया उठली. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ती मकबूलसमोर उभी राहिली.

“काल तू म्हणालास पोलिसात जायचं. जा. त्याने तुझा हात मोडला, तुला बुडवत होता, मी पाहिलंय. साक्ष देईन. कुराणावर हात ठेवून देईन.”

“देशील?”

“देईन. मग तो तक्रार करेल, तू त्याचा कान तोडलास. तीही साक्ष देईन. आणि मी त्याचं डोकं फोडलं, तेही माझ्या तोंडाने सांगेन. ज्याला जेवढं बसायचं तेवढं बसेल आत. पण ते माणसांचं झालं. शेताने कुणाला मारलेलं नाही.”

मकबूल म्हणाला, “तू माझं नाव घेतलंस सगळ्यांसमोर.”

“पाळी आपली होती.”

“मला माहीत होतं,” तो हळूच म्हणाला. “पंखा लावून पडलो तेव्हाच वाटलं होतं, जाऊन बघावं. म्हटलं, त्याने येऊन सांगावं.”

सफियाने त्याच्या चांगल्या गालावर एक थप्पड मारली. जोरात. तलाठी दचकला, हिरामणने मान फिरवली. मग तिने शाईची डबी उघडली, मकबूलचा डावा अंगठा धरला आणि वाट पाहिली. दाबला नाही, नुसता धरून ठेवला. बराच वेळ गेला. अंगठा तिच्या हातातून आपणच खाली गेला आणि कागदावर टेकला.

हिरामणने सही केली. करताना म्हणाला, “केस मी पन करनार हाय.”

“कर,” सफिया म्हणाली.

तलाठी गेला. मकबूलने डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला घेतली. “उरणची एसटी किती वाजता?”

हिरामण जमिनीकडे बघत म्हणाला, “सव्वाबाराची हाय. मी पन त्याच गाडीनं जातंय.”

पोलीस ठाणं एकच आणि गाडी एकच. गाडीत तिघांची एकच सीट रिकामी होती. मकबूल खिडकीशी बसला, हिरामण कडेला. सफिया मध्ये बसली, उरण येईपर्यंत पाठ न टेकवता, आणि तिघांची तिकिटं तिने त्या दोघांना मिळून काढायला लावली.